समोरच्या सहा दातांचं गणित

वरच्या जबड्यातले समोरचे सहा दात बाहेर काढून टेबलावर ओळीनं मांडले, तर मधले दोन सर्वांत रुंद निघतात, सरासरी साडेआठ मिलिमीटर. त्यांच्या शेजारचे सर्वांत अरुंद, साडेसहा. त्यापलीकडचे सुळे पुन्हा रुंद, साडेसात. दंतशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत थोड्याफार फरकानं हीच मापं असतात. पण तेच दात तोंडात असताना समोरच्या माणसाला उतरत्या क्रमानं दिसतात. मधला मोठा, शेजारचा त्याहून लहान, सुळा आणखी लहान. जबडा मागे वळत जातो आणि सुळा नेमका वळणावर बसलेला असतो. त्याचा पुढचा अर्धाच काय तो समोरून दिसतो.

हसू सुंदर का दिसतं याचं जे गणित दंतवैद्यांना शिकवलं जातं, ते या दिसणाऱ्या रुंदीचं आहे. मधल्या दाताची दिसणारी रुंदी १.६१८ धरली, तर शेजारच्याची १ आणि सुळ्याची ०.६१८ असावी, असं ते सांगतं. म्हणजे प्रत्येक दात आधीच्या दाताच्या साधारण ६२ टक्के. हेच ते सुवर्ण गुणोत्तर. मोठ्या शहरांतल्या दवाखान्यांत ‘स्माइल डिझाइन’ची माहिती घ्यायला गेलात, तर संगणकाच्या पडद्यावर तुमच्या फोटोवर ज्या उभ्या रेषा पडतात, त्यांतल्या काही याच गणिताच्या असतात. ते आलं कुठून, याचा माग काढत मागे जावं, तर वाट देखण्या दातांच्या माणसांकडे जात नाही. ती ज्यांच्या तोंडात एकही दात उरलेला नाही, अशा माणसांकडे जाते.

दात सुंदर असतात हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. दीघनिकायातल्या लक्खणसुत्तात महापुरुषाची बत्तीस लक्षणं सांगितली आहेत, त्यांत दातांची चार आहेत: चाळीस दात असावेत, ते सारखे असावेत, त्यांच्यात फटी नसाव्यात आणि सुळे शुभ्र असावेत. आपल्याकडच्या उपमा पाहा. मोत्यांची ओळ, कुंदकळ्या, डाळिंबाचे दाणे. या सगळ्यांत दाणे एकसारखे आहेत. मधले दोन शेजारच्यांच्या दीडपट असावेत असं कुणी म्हणत नाही. डोळ्यांनी दातांची ओळ पाहिली, ती सलग आहे का आणि तिला झळाळी आहे का एवढंच विचारलं. रंगाबद्दलही एकमत नव्हतं. जपानात विवाहित स्त्रिया आणि दरबारी घराण्यांतले पुरुष दात काळे करत. १८७० साली तिथल्या सरकारनं उमरावांना ही प्रथा बंद करायला लावली आणि १८७३ साली सम्राज्ञी पांढऱ्या दातांनी लोकांसमोर आली. महाराष्ट्रातही सवाष्णी दातवण लावून दात काळे करत आणि ते सौभाग्याला शोभणारं मानलं जाई.

शिवाय दात दाखवायचे की नाही, हाही प्रश्न होताच. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीचे ओठ मिटलेले आहेत. युरोपातल्या चित्रांतही प्रतिष्ठित माणूस दात दाखवत नसे. दात दिसायचे ते वेड्याचे, दारुड्याचे, नाहीतर भिकाऱ्याचे. एलिझाबेथ व्हिजे ल ब्रॅं या चित्रकर्तीनं मुलीला कुशीत घेतलेलं स्वतःचं चित्र १७८७ साली पॅरिसच्या प्रदर्शनात मांडलं. त्यात तिचे ओठ किंचित विलग होऊन पांढरे दात दिसत होते. पॅरिसच्या उच्चभ्रू मंडळींना ते खटकलं. कॉलिन जोन्स या इतिहासकारानं त्या काळातल्या पॅरिसच्या हास्यावर पूर्ण पुस्तक लिहिलं आहे. त्याच शहरात पिएर फोशारनं १७२८ साली दंतवैद्यकावरचा पहिला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला होता, हा योगायोग नव्हे. दात जपणारा वैद्य मिळाल्यावरच दात दाखवण्याचं धैर्य येतं.

गणिताची गरज मात्र दात जपणाऱ्याला पडली नाही. ती दात बनवणाऱ्याला पडली. कवळीत पूर्वी मेलेल्या माणसांचे दात बसवत. १८१५ च्या वॉटर्लूच्या रणभूमीवरून इतके दात गोळा झाले, की इंग्लंडात कवळ्यांमधल्या खऱ्या दातांना पुढे अनेक वर्षं ‘वॉटर्लूचे दात’ म्हणत. खऱ्या दाताला आकार ठरवण्याचा प्रश्न नसतो, तो घडूनच आलेला असतो. चिनीमातीचा दात आला आणि प्रश्न सुरू झाला. पॅरिसमध्ये जोसेपांजेलो फोंझीनं १८०८ साली प्लॅटिनमच्या खिळ्या बसवलेले सुटे चिनीमातीचे दात तयार केले. पुढे लंडनमध्ये क्लॉडियस ॲशनं आणि फिलाडेल्फियात सॅम्युएल व्हाइटनं त्यांचा कारखानाच उभा केला. १८४४ साली हॉरेस वेल्सनं हसवणाऱ्या वायूनं भूल देऊन दात काढता येतो हे स्वतःवर करून पाहिलं. पुढे भुलीमुळे दात उपटून घ्यायची भीती गेली. १८५१ साली नेल्सन गुडइयरनं कडक रबराचं पेटंट घेतलं आणि सोन्याच्या पत्र्याऐवजी या स्वस्त रबरावर कवळी बसू लागली. एकीकडे दात भराभर निघू लागले, दुसरीकडे कवळी सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. कारखान्यांना हजारोंनी दात हवे होते, आणि हजारोंनी बनवायचे तर साचे हवेत. साचे किती, कोणत्या आकाराचे आणि कुणाला कोणता द्यायचा?

दंतवैद्यासमोर बसलेल्या माणसाचे दात गेलेले असत. फोटो दुर्मीळ होते. त्याचे दात कसे होते हे सांगणारा कोणताच पुरावा तोंडात उरलेला नसे. मग पुरावा दुसरीकडे शोधायचा. एकोणिसाव्या शतकात तो प्रकृतीत शोधला गेला. ग्रीक वैद्यकातून आलेल्या चार प्रकृतींपैकी माणसाची कोणती आहे, यावरून त्याच्या दातांचा रंग आणि आकार ठरवायचा. पित्तप्रकृतीच्या माणसाला एक साचा, कफप्रकृतीच्या माणसाला दुसरा. आयुर्वेद जाणणाऱ्या मराठी वाचकाला ही विचारपद्धती परकी वाटणार नाही. तिच्या मागे निरीक्षण होतं, पण मोजमाप नव्हतं.

मोजमाप आलं १९०५ च्या सुमारास. बेरी नावाच्या दंतवैद्यानं मांडलं, की वरच्या मधल्या दाताची रुंदी ही चेहऱ्याच्या रुंदीचा सोळावा भाग असते. गालाच्या हाडांपासून मोजलेला चेहरा १३६ मिलिमीटर रुंद असेल, तर दात साडेआठ मिलिमीटर. नियम सोपा होता, चेहरा दवाखान्यात हजर होता आणि भागाकार कुणालाही येत होता. या गुणोत्तरावरून पुढे चेहऱ्यावर ठेवायची पारदर्शक मापपट्टी निघाली. तिच्यावर चेहरा बसवला की दाताचं माप वाचता येई.

आणि मग जेम्स लिऑन विल्यम्स. या माणसापाशी थोडं थांबायला हवं, कारण शंभर वर्षांहून अधिक काळ त्याचे तीन आकार टिकून आहेत. अमेरिकेत जन्मलेला, लंडनमध्ये दवाखाना चालवणारा हा दंतवैद्य साधा कारागीर नव्हता. दाताच्या वेष्टनावर, म्हणजे एनॅमलवर, जंतूंचा चिकट थर बसतो आणि तिथूनच कीड सुरू होते हे १८९७ साली सूक्ष्मदर्शकाखाली दाखवणाऱ्यांपैकी तो एक. शेक्सपिअरच्या गावावर आणि परिसरावर त्यानं फोटोंचं देखणं पुस्तक काढलं होतं. शास्त्र आणि सौंदर्य दोन्हींचा हात एकाच माणसाला असला, की तो सिद्धान्ताच्या मोहात पडण्याचा संभव जास्त. त्याच्या काळात बाजारात मिळणारे चिनीमातीचे दात भयंकर असत. एकसारखे, निर्जीव, कुणाच्याही तोंडात परके वाटणारे. विल्यम्सचा राग मला रास्त वाटतो. त्यानं लंडनच्या संग्रहालयांतल्या शेकडो कवट्या तपासल्या आणि १९१४ साली मांडलं, की सर्व मानववंशांत मधल्या दाताचे मूळ आकार तीनच आहेत: चौकोनी, निमुळता आणि अंडाकृती. पुढे त्यानं म्हटलं, की चेहरा उलटा केला तर त्याची बाह्यरेखा त्या माणसाच्या मधल्या दाताच्या बाह्यरेखेशी जुळते. कपाळ रुंद आणि हनुवटी निमुळती असेल, तर दातही टोकाशी रुंद आणि हिरडीशी निमुळता. सुसंवादाचा नियम म्हणून तो ओळखला गेला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या डेंटिस्ट्स सप्लाय कंपनीनं, म्हणजे पुढच्या डेंट्सप्लायनं, ‘ट्रूबाइट’ या नावानं त्या तीन आकारांवर आधारलेले दात बाजारात आणले. झुरिकचा दंतवैद्य आल्फ्रेड गिझीही त्याच कामात होता.

या दातांनी लाखो माणसांचं भलं केलं, हे नाकारता येत नाही. कवळी घातलेला माणूस पहिल्यांदाच स्वतःसारखा दिसू लागला. पण चेहरा आणि दात यांचं नातं खरंच आहे का, हे ज्यांच्या तोंडात दात आहेत अशा माणसांवर पडताळून पाहायला अनेक दशकं गेली. १९७० आणि ८० च्या दशकांत ते झालं तेव्हा दिसलं, की चौकोनी चेहऱ्याच्या माणसाला चौकोनीच दात असतात असं नाही. नियम बहुतेक वेळा लागू पडत नव्हता. तरी आजही महाराष्ट्रातल्या कुठल्याही दंत महाविद्यालयात बीडीएसच्या विद्यार्थ्याला कवळीचे दात निवडायला शिकवताना हेच तीन आकार शिकवले जातात. दुसरं काही हाताशी नसताना कुठूनतरी सुरुवात करावी लागते, एवढंच त्याचं आजचं मोल आहे. तेवढं मोलही कमी नाही.

१९५० च्या दशकात फ्रश आणि फिशर या दोन अमेरिकन दंतवैद्यांनी आणखी एक पाऊल टाकलं. विल्हेल्म त्सेख या शिल्पकाराच्या घडणीवरून स्फूर्ती घेऊन त्यांनी लिंग, व्यक्तिमत्त्व आणि वय या तीन गोष्टी दातांत उतरवायचं ठरवलं. बाईच्या दातांचे कोपरे गोलसर, पुरुषाचे कडक. खंबीर माणसाच्या मधल्या दोन दातांपैकी एक जरा पुढे. म्हाताऱ्याचे दात झिजलेले आणि किंचित पिवळट. वयाबद्दल त्यांचं बरोबर होतं. म्हाताऱ्या माणसाच्या तोंडात पंचविशीचे दात बसवले की चेहरा आणि तोंड दोन वेगळ्या माणसांचं वाटतं. पण बाईच्या दातांची गोलाई ही निसर्गात तितकी सापडत नाही. सुटे दात पाहून ते बाईचे की पुरुषाचे, हे दंतवैद्यांनाही खात्रीनं सांगता येत नाही. बाईनं मऊ असावं ही त्या काळाची अपेक्षा चिनीमातीत ओतली गेली, असं मी म्हणेन, आणि ती तिथं अजून टिकून आहे.

त्याआधीच हॉलिवूडमध्ये वेगळंच काही सुरू झालं होतं. चार्ल्स पिंकस या दंतवैद्यानं १९३० च्या दशकात नटनट्यांसाठी पातळ कवचं तयार केली. चित्रीकरणापुरती ती दातांवर कवळीच्या चिकट पुडीनं चिकटवायची आणि काम संपलं की काढून ठेवायची. त्यांनी खाता येत नसे. शर्ली टेंपलचे दुधाचे दात पडत होते, तेव्हा कॅमेऱ्यासमोर तिची ओळ अखंड दिसावी म्हणून अशीच कवचं लावत. जिवंत तोंडात, असलेल्या दातांवर, नसलेलं हसू बसवण्याची ही सुरुवात. पण ते काही तासांचं होतं आणि दाताला इजा न करता निघत होतं. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरतो.

सुवर्ण गुणोत्तराचा प्रवेश १९७३ मध्ये झाला, तोही कवळीच्याच दारातून. रिचर्ड लोंबार्डीनं ‘जर्नल ऑफ प्रॉस्थेटिक डेंटिस्ट्री’मध्ये कवळीचं सौंदर्य आणि दृष्टीचे नियम यांवर दीर्घ लेख लिहिला. चित्रकलेतल्या रचनेचे नियम त्यानं दातांना लावले. मधल्या दोन दातांचं वर्चस्व असावं, बाकीचे त्यांच्यापुढे दुय्यम असावेत, आणि मध्यापासून मागे जाताना दिसणारी रुंदी एकाच प्रमाणात घटत जावी, असं त्यानं म्हटलं. मोत्यांच्या ओळीचा शेवट इथं झाला. ओळीऐवजी मध्य आला. सुवर्ण गुणोत्तराचा उल्लेख त्यानं केला, पण दातांसाठी ते फार तीव्र ठरतं असा सावधगिरीचा इशाराही दिला. त्याला हवं होतं सातत्य. नेमका आकडा नव्हे.

इशारा मागे पडला, आकडा पुढे गेला. तो आकडा आधीच प्रतिष्ठित होता. युक्लिडच्या भूमितीत एका रेषेचे दोन असे भाग करायचे, की पूर्ण रेषेचं मोठ्या भागाशी जे नातं तेच मोठ्याचं लहानाशी, अशी कृती आहे. १५०९ साली लूका पाचोलीनं त्या प्रमाणाला ‘दैवी’ म्हटलं. पुस्तकातल्या आकृत्या लिओनार्दोच्या. तरीही ते गणितच होतं. सौंदर्याचा नियम म्हणून त्याला जर्मनीत आडोल्फ झायझिंगनं १८५४ साली उभं केलं. मानवी देह बेंबीपाशी या प्रमाणात विभागलेला आहे, म्हणून सगळ्या सृष्टीत तेच प्रमाण असलं पाहिजे, असा त्याचा दावा. गुस्ताफ फेशनरनं लोकांना दहा आयत दाखवून सर्वांत आवडता कोणता ते विचारलं आणि १८७६ साली निष्कर्ष छापला: सुवर्ण आयताला सर्वाधिक पसंती. नंतर हा प्रयोग अनेकांनी केला आणि निकाल दर वेळी बदलत गेले. पण तोवर शंख, सूर्यफूल, पार्थेनॉन, मोनालिसा अशी यादी तयार झाली होती. १९९२ साली गणितज्ञ जॉर्ज मार्कोव्स्कीनं त्यातले बरेच दावे तपासून त्यांना आधार नसल्याचं दाखवलं, पण एव्हाना हा आकडा दंतवैद्यांच्या खिशात गेला होता.

तो नेणारा माणूस लंडनचा एडी लेव्हिन. १९७८ साली त्याच जर्नलमध्ये त्याचा लेख आला, दंतसौंदर्य आणि सुवर्ण गुणोत्तर यांवर. लोंबार्डीनं तत्त्व सांगितलं होतं. लेव्हिननं साधन दिलं. तीन टोकांचा एक मापक त्यानं तयार केला. तो कितीही उघडला तरी त्याच्या टोकांमधली दोन अंतरं सुवर्ण प्रमाणातच राहतात. दातांसमोर धरायच्या जाळीदार पट्ट्याही केल्या. मधल्या दाताच्या रुंदीवरून योग्य पट्टी निवडायची, की बाकीचे दात कुठवर यावेत ते रेषांवर दिसतं. सिद्धान्त हातात धरता आला की तो पसरतो. १९८२ साली अमेरिकेत रॉबर्ट रिकेट्स या दंतवैद्यानं तेच प्रमाण संपूर्ण चेहऱ्यावर मांडलं. पुढे व्याख्यानं आली, साधनं विकली जाऊ लागली, आणि ६२ टक्के हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा सोपा होता.

जॅक प्रेस्टननं १९९३ मध्ये एक साधी गोष्ट केली. त्यानं खरी तोंडं मोजली. ५८ जणांच्या प्रतिमा संगणकावर घेऊन दिसणारी रुंदी मोजली. मधला आणि शेजारचा दात सुवर्ण प्रमाणात असलेली माणसं १७ टक्के निघाली. शेजारचा दात आणि सुळा सुवर्ण प्रमाणात असलेला एकही माणूस सापडला नाही. सरासरी पाहिली, तर शेजारचा दात मधल्याच्या ६६ टक्के आणि सुळा शेजारच्याच्या ८४ टक्के दिसत होता. हा फरक आकड्यात लहान वाटतो, म्हणून तोंडात बसवून पाहू. मधला दात साडेआठ मिलिमीटर असेल, तर लेव्हिनच्या हिशेबानं सुळा सव्वातीन मिलिमीटर दिसायला हवा. प्रेस्टननं मोजलेल्या तोंडांच्या हिशेबानं तो पावणेपाचच्या आसपास दिसतो. दीड मिलिमीटरचा फरक. दंतवैद्यकात दीड मिलिमीटर फार मोठं अंतर असतं. सव्वातीन हवे असतील, तर सुळा आतच वळवावा लागेल. ओठांच्या कोपऱ्याशी हास्य चेपलेलं, अरुंद दिसेल.

कुणी म्हणेल, सरासरी तोंड सुंदर असतंच असं नाही, सुंदर तोंडं मोजा. तेहरानमध्ये २००४ साली तेच झालं. ज्यांचं हसू सुंदर आहे असं ठरवून निवडलं, अशा विद्यार्थ्यांचे दात मोजले. त्यांतही सुवर्ण गुणोत्तर बहुतेकांत आढळलं नाही. भारतात २००८ साली झालेल्या एका मोजणीतही नाही. तुर्कस्तान, मलेशिया, सगळीकडून साधारण हेच उत्तर येत राहिलं. आपल्या दंत महाविद्यालयांतले एमडीएसचे कितीतरी प्रबंध याच विषयावर आहेत. तरुण विद्यार्थी शेकडो तोंडांचे फोटो घेतात, मोजतात आणि पुस्तकातला आकडा तिथं नाही असं लिहून देतात. हे काम मला फार मोलाचं वाटतं.

दंतवैद्यांना स्वतःला काय आवडतं, हेही विचारलं गेलं. २००० साली रोझेनस्टील आणि सहकाऱ्यांनी इंटरनेटवर बदललेल्या दातांची चित्रं दाखवून त्यांची पसंती घेतली. दात खूप लांब असतील तरच ६२ टक्क्यांचं प्रमाण निवडलं गेलं. दात फार आखूड असतील तर ८० टक्क्यांच्या जवळचं. म्हणजे रुंदीचं प्रमाण एकटं काही ठरवत नव्हतं, उंचीही त्यात होती. त्याच गटातल्या डेव्हिड वॉर्डनं २००१ साली यावरून लोंबार्डीकडेच परतणारा विचार मांडला: घट सातत्यानं व्हावी, पण किती हे माणसाच्या उंचीप्रमाणे आणि दातांच्या लांबीप्रमाणे ठरावं, ७० टक्के ही सर्वसाधारण चांगली जागा. आणि एका दाताच्या रुंदीचं त्याच्याच उंचीशी असलेलं प्रमाण मात्र टिकून राहिलं. मधला दात उंचीच्या ७५ ते ८० टक्के रुंद असला, तर तो बहुतेकांना बरा दिसतो. याला कारण आहे, आणि ते गूढ नाही. जिनिव्हाच्या पास्कल मान्येनं २००३ मध्ये दाखवलं, की न झिजलेल्या मधल्या दाताचं हे प्रमाण ७८ टक्के असतं आणि झिजलेल्याचं ८७. दात वयानं आखूड होतो, चौकोनी दिसू लागतो. विग आणि ब्रुंडोनं १९७८ मध्येच मोजलं होतं, की ओठ सैल असताना तिशीच्या आतल्या माणसाचे वरचे दात सरासरी ३.३७ मिलिमीटर दिसतात, आणि साठीनंतर जवळजवळ दिसतच नाहीत. खालचे दिसू लागतात. लांब मधल्या दातात आपल्याला जे आवडतं, ते बहुधा तारुण्य असतं.

सर्वांत बोलका प्रयोग व्हिन्सेंट कोकिच यांचा, सिएटलचा, १९९९ मधला. हसऱ्या तोंडाच्या फोटोत एकेक दोष थोडाथोडा वाढवत नेला आणि तारा लावणारे तज्ज्ञ, साधे दंतवैद्य आणि सामान्य माणसं यांना दाखवला. दोन मधल्या दातांमधली रेषा चेहऱ्याच्या मध्यापासून ४ मिलिमीटर सरकली, तेव्हा कुठे तज्ज्ञांना ते खटकलं. बाकी दोन्ही गटांना ४ मिलिमीटरही कळले नाहीत. शेजारचा दात ३ मिलिमीटरनं अरुंद झाल्यावर दंतवैद्यांना जाणवलं, सामान्यांना ४ झाल्यावर. दात तिरका झालेला मात्र तिन्ही गटांना २ मिलिमीटरवर दिसला. माणसाचा डोळा तिरकेपणाला चटकन पकडतो. रुंदीच्या प्रमाणाला फार माफ करतो. ज्या प्रमाणासाठी मापक आणि जाळ्या बनल्या, ते समोर बसलेल्या माणसाला दिसतही नाही.

हे सगळं वर्गात राहिलं असतं तर एवढं लिहिण्याचं कारण नव्हतं. १९५५ साली रॉचेस्टरमध्ये मायकल ब्युओनोकोरनं एनॅमलवर आम्ल लावून राळ घट्ट चिकटते हे सिद्ध केलं. १९८० च्या दशकात चिनीमातीचं कवचही तसंच चिकटवता येऊ लागलं. पिंकसची काम संपल्यावर काढून ठेवायची कवचं आता कायमची झाली. ही व्हेनियर्स बसवायला बहुधा निरोगी दाताचा पुढचा थर, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, घासून काढावा लागतो. एनॅमल पुन्हा वाढत नाही. ज्याचे दात गेले त्याला दिलासा देण्यासाठी बनलेलं गणित आता ज्याचे दात शाबूत आहेत त्याला दोषी ठरवू लागलं. विशी-पंचविशीच्या मुलामुलींच्या फोटोवर रेषा टाकून ‘तुमचं प्रमाण चुकलंय’ असं सांगून चांगले दात घासले जातात, तेव्हा मला ते क्रूर वाटतं. फुटलेला, किडलेला, जन्मतः खुंटलेला दात सुधारायला व्हेनियर ही देणगी आहे. सुळा सव्वातीनऐवजी पावणेपाच दिसतो म्हणून नव्हे. तो तसाच दिसायचा असतो.

शिवाय कुणीही कुणाला फक्त समोरून पाहत नाही. आपण बाजूनं पाहतो, जेवताना, एसटीत शेजारी बसलेलं, स्वयंपाकघरात तिरकं. डोकं थोडं वळलं की सुळ्याची पूर्ण रुंदी समोर येते आणि सगळी गुणोत्तरं बदलतात. फोटो एका क्षणाचा, एका कोनाचा, म्हणून नियम फोटोवर जुळतो. ब्राझीलच्या ख्रिस्तियन कोचमननं रूढ केलेल्या डिजिटल पद्धतीत म्हणूनच आता स्थिर फोटोबरोबर व्हिडिओ घेतात. माणूस बोलतो, हसतो, थांबतो, आणि त्या हालचालीत दात किती दिसतात ते पाहतात.

आणि दात घासण्याआधी मॉक-अप करतात. दातावर काहीही न कोरता, साच्यातून राळेचं तात्पुरतं रूप चढवायचं आणि माणसाला घरी पाठवायचं. चार दिवस त्यानं ते घालून बोलावं, घरच्यांनी पाहावं. विल्यम्सच्या काळातल्या कवळीवाल्यांकडेही मेणावर दात बसवून ट्रायल देण्याची रीत होतीच. रुग्ण आरशात पाहून बदल सांगे. कवळीच्या परंपरेतली हीच गोष्ट सर्वांत टिकाऊ निघाली, असं मला वाटतं. अर्ल पाउंडसारखे जुने कवळीतज्ज्ञ दातांची लांबी मापकानं ठरवण्याआधी रुग्णाला बोलायला लावत. इंग्रजीत ते पन्नासच्या पुढचे आकडे म्हणवून घेत, कारण त्यांत ओठावर दात टेकवणारे आणि दात जवळ आणणारे असे दोन्ही आवाज येतात. मराठीत ‘वीस, बावीस, सव्वीस’ म्हणून पाहा. ‘व’ला वरच्या मधल्या दातांची कडा खालच्या ओठाच्या आतल्या ओल्या भागाला हलकी टेकते; ‘स’ला वरची आणि खालची कडा एकमेकांच्या अगदी जवळ येते, पण टेकत नाही. दात फार लांब झाला तर ‘व’ अडखळतो, फार आखूड झाला तर ओठाला दात शोधावा लागतो. मॉक-अप घातलेल्या माणसाचा ‘बावीस’ नीट उमटला, की दंतवैद्याला लांबी बरोबर आल्याचं कळतं, आणि रुंदीचा प्रश्न त्यानंतर येतो.